परात आणि हिंगाची डबी

क्ष-किरणाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर बराच वेळ बोलले. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग, थुंकीचा अहवाल, क्षय, गोळ्या, रोजचं इंजेक्शन. बोलणं संपल्यावर त्यांनी आईला विचारलं, काही विचारायचं आहे का. आईने एकच गोष्ट विचारली.

"डाक्टरसाहेब, कानबाईपावत मी बरी व्हसू ना?"

डॉक्टर खानदेशाबाहेरचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानबाई आमची कुलदेवी, ती श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, एवढं मी सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"औषध चुकलं नाही तर होतील बऱ्या," ते म्हणाले. "चुकलं तर मी काही सांगू शकत नाही."

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी जळगावात एका दैनिकात उपसंपादक होतो. आईवडील पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी राहत. त्या हिवाळ्यात आईचा खोकला सुरू झाला तेव्हा कुणी तो मनावर घेतला नाही. कापूस घरात आला की आमच्याकडे सगळीच खोकतात. ओसरीवर छतापर्यंत कापूस रचलेला असतो, त्याच्या कडेने माणसं झोपतात आणि संक्रांत उलटेपर्यंत घसा खवखवत राहतो. कापूस खरेदी केंद्रावर गेला, ओसरी झाडून झाली, तरी आईचा खोकला गेला नाही. संध्याकाळी ताप येऊ लागला. लुगड्याचा कासोटा सैल होऊ लागला. तेव्हा वडिलांनी तिला एसटीत बसवून जळगावला पाठवलं आणि ते हरभऱ्याच्या राखणीला परत गेले.

कानबाईच्या प्रश्नामागे काय होतं, ते खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगितलं पाहिजे. कानबाईला रोट लागतात. भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्या पिठाचे रोट होतात. ते भाऊकीनेच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आमच्या भाऊकीत त्या पिठाला पहिलं पाणी घालायचा आणि ते मळायचा मान थोरल्या घरातल्या सुनेचा. आजी गेल्यापासून पितळेची ती मोठी परात आईकडे होती. बाकी वर्षभर आईला घरात कुणी काही विचारत नसे. शेताचं वडील बघत, पैशाचं वडील बघत, लग्नं भाऊकी ठरवी. त्या एका रविवारी मात्र ती परातीवरून उठेपर्यंत सगळं घर थांबून राही. आणि परात एकदा दुसरीच्या पुढ्यात गेली की परत येत नाही, हे आईने दुसऱ्या घरांत पाहिलेलं होतं.

आमचं जळगावचं घर दोन खोल्यांचं. मागे फरशी घातलेलं छोटं अंगण, त्यापलीकडे गल्ली आणि गल्लीच्या पलीकडे कापसातली सरकी काढणारं एक जिनिंग. आईची खाट अंगणाकडच्या खोलीत, खिडकीशी टाकली. डॉक्टरांनी खेळती हवा सांगितली होती. खिडकी उघडली की हवेबरोबर सरकीचा तेलकट वास आणि यंत्रांचा घरघराट आत येई आणि जाळीवर कापसाचे बारीक तंतू चिकटत. माझी बायको धुळ्याची. तिने ती जाळी रोज ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली. थुंकीचा झाकणाचा डबा, त्यात फिनेल, डबा उकळणं, आईचं ताट-पेला वेगळा घासणं, हेही तिच्याकडेच आलं. ती घरी शिकवण्या घेत असे. महिनाभरात मुलं येईनाशी झाली. कुणी कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

सकाळी आईला रिक्षाने इंजेक्शनला नेणं माझ्याकडे. दुपारनंतर कार्यालय. दोघंही थकलो होतो आणि थकलोय असं एकमेकांना सांगायचाही कंटाळा येऊ लागला होता. रिक्षात आई माझ्याकडे पाठ करून बाहेर तोंड करून बसे. खोकताना पदर तोंडावर घ्यायचा, बोलताना समोरच्यापासून मान वळवायची, हे तिला नर्सबाईंनी सांगितलं होतं. तिने ते इतकं पाळलं की कित्येक दिवस मला तिचा चेहरा समोरून दिसलाच नाही.

गोळ्यांचं पहिल्या आठवड्यात जमलं नाही. अनशापोटी घ्यायच्या, म्हणजे तिच्या दृष्टीने चहाच्याही आधी. त्या मोठ्या होत्या, घशात अडकत. ती चावून बघे आणि थुंकून टाके. मग बायकोने हिंगाची रिकामी झालेली डबी धुऊन तिला दिली. झोपण्याआधी उद्याच्या गोळ्या स्वतः मोजून डबीत ठेवायच्या आणि सकाळी डबी रिकामी झालेली दाखवायची. डबी कितीही धुतली तरी वास गेला नव्हता.

"आई, वास येत असेल ना गोळ्यांना?"

"येस ना. मी डाळ समजीसन खाई लेस," आई म्हणाली. "तुना हातनी डाळ बी अशीच ऱ्हास."

बायको हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी हसलं म्हणून माझ्या लक्षात राहिलं. त्या दिवसापासून डबी आईच्या उशाशी राहिली आणि ती रिकामी झाली का, हे आम्हाला बघावं लागलं नाही.

लघवी लाल झाली तेव्हा ती घाबरली. गोळ्यांनी तसं होतं, घामही नारिंगी होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, मग ठीक, दवाई आत जातेय एवढं तरी कळतं. पुढे रंग फिका वाटला की ती काळजीने विचारू लागली.

डॉक्टर दर खेपेला तिला ठरलेले प्रश्न विचारत. अन्न नकोसं होतं का, डोळ्यांना धूसर दिसतं का, कानात आवाज येतो का, चक्कर येते का. आई दर खेपेला नाही म्हणे. फेब्रुवारीपासून ती चालताना भिंतीला हात लावू लागली होती. अशक्तपणा आहे, असं आम्ही समजलो. बायको तिच्याशी बोलताना आवाज चढवू लागली होती. जिनिंगच्या आवाजात ऐकू येत नसेल, असं वाटलं. कापसाचा हंगाम जोरात होता. त्या गल्लीत सगळेच मोठ्याने बोलत.

धुळवडीच्या दिवशी जिनिंग बंद होतं. गल्लीत पोरांचा दंगा झाला आणि दुपारी उन्हाने तोही थांबला. बायको आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करत होती. आई अंगणाच्या दारात बसली होती.

"सणना दिन बी जिन चालूच शे का वं?" आई म्हणाली.

"जिन?" बायको म्हणाली. "कोणतं जिन, आई? आज भोंगाही वाजला नाही."

"मंग हाऊ आवाज कसाना शे?"

बायकोने गॅस बंद केला. तिने अंगणात जाऊन कान दिला, मग आत येऊन मला उठवलं. मीही बाहेर गेलो. गल्लीत काहीही वाजत नव्हतं. आई आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिने आपल्या दोन्ही कानांवर हात दाबून धरले. थोड्या वेळाने काढले. पुन्हा धरले.

"आतमा शे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन ताबडतोब बंद केलं. वयस्कर माणसाच्या कानावर त्याचा परिणाम होतो. कानावर आणि तोलावर. म्हणून तर ते दर वेळी विचारत होते.

"आजी, कानात आवाज येतो का, असं मी विचारत नव्हतो का?"

"ईचारत व्हता ना," आई म्हणाली. "माले वाटनं तो जिनना शे. माले काय माहीत, जिन कोणतं आनि कान कोणता!"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत. ऐकण्याची गेलेली शक्ती परत येईलच असं नाही, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. त्याची गरज नव्हती. आईला ते मोठ्याने सांगितलं असतं तरी तिने पहिल्यांदा दुसरंच विचारलं असतं, आणि तिने तेच विचारलं. इंजेक्शन बंद झालं तर कानबाईपर्यंत बरी होईन का? गोळ्यांवर होईल, ते म्हणाले. गोळ्या मात्र पूर्ण.

त्यानंतर आई बदलली, असं म्हणता येईल. तोपर्यंत ती आम्ही सांगू ते करत होती. आता ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. सकाळी गोळ्या घेतल्या की अंगणातल्या फरशीच्या एका सांध्यावरून चालत जायची आणि परत यायची. पाय सांध्याबाहेर पडला की थांबून पुन्हा सुरुवात. कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघायची. ऐकू येतंय का, आणि कोणत्या कानाला. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी दारातून वाचता येते का बघायची. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत ती सगळं सांगून टाके. एकदा ते म्हणाले, "आजी, आता इथे येऊन बसा, पेशंट तुम्हीच तपासा." तिला ते ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितल्यावर ती म्हणाली, खुर्ची असेल तर बसेन.

एप्रिलमध्ये जिनिंग हंगाम संपून बंद झालं. थुंकी साफ आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. खोकला जवळपास थांबला होता. दुसऱ्या एखाद्याने इथे गोळ्या सोडल्या असत्या. दवाखान्याच्या बाकावर तसे सोडून परत आलेले आम्ही पाहत होतो. त्यांच्याकडे आई बोट दाखवी आणि तिला वाटे की आपण हळू बोलतोय, "हाऊ दखा. बरं वाटनं आनि घर बसना." सगळा बाक तिच्याकडे बघे. मी तिला उठवून बाहेर नेई.

जळगावचा मे महिना निरोगी माणसालाही नको होतो. गोळ्यांनी आईच्या पोटात ढवळे. भाकरी पुढे आली की ती मान फिरवी. डॉक्टरांनी दूध, अंडी सांगितली होती. अंडं ती खाईना. बायको शेंगदाण्याचा कूट, डाळ, ताक, केळी, जे जाईल ते थोडं थोडं देत राही. दिवसभर गॅसवर काहीतरी चालू आणि खोली तापलेली. अशात एक दिवस काकू आली.

काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. पाचोऱ्याहून पॅसेंजरने बाजाराला म्हणून आली होती. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि मिरच्या घेऊन आली होती. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. बायकोने चहा दिला. काकूने कप हातात घेतला, बोलत राहिली आणि थोड्या वेळाने तो तसाच खुर्चीखाली ठेवला.

"अक्का, यंदा तुम्ही आराम करा," काकू म्हणाली. आईला ऐकू गेलं नाही म्हणून तिने तेच ओरडून म्हटलं. "रोटसनं मी दखी लेसू!"

"कसाले?"

"तुमनी तब्येत..."

"बिमारी मनी छातीले शे, हातले नही."

"तसं नही वं अक्का. भाऊकी काळजी करस."

"काळजी करस ते दखाले का नही उनी?"

"लगीनसराई व्हती ना, अक्का."

"मंग लगीनले माले का नही बलावं?"

काकू जायला उठली. अंगणातल्या दोरीवर आईच्या उशीचा अभ्रा वाळत होता. घामाने त्यावर नारिंगी डाग पडत आणि ते धुऊनही पुरते जात नसत. जाताना काकूने त्या अभ्र्याकडे दोनदा पाहिलं. तिने विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही. पंधरवड्यात गावाकडून आलेल्या एका माणसाने बातमी आणली, अक्का रक्त टाकतेय आणि जळगावची माणसं लपवताहेत.

मी आईला ते सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं, कानाशी वाकून. तिचं म्हणणं, आईला माहीत असायला हवं. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने डॉक्टरांना विचारलं, माझ्या हातचं दुसऱ्यांनी खाल्लं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, आजार खोकल्यातून जातो, हातातून जात नाही. आणि आता थुंकीही साफ आहे. मग तिने विचारलं, उपास असेल त्या दिवशी गोळ्या घेतल्या तर चालेल का. ते म्हणाले, घ्यायच्याच, तशाही त्या अनशापोटीच आहेत. परतीच्या रिक्षात ती पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बसली.

श्रावणात आम्ही तिघं एसटीने गावी गेलो. शनिवारी भाऊकी गोळा झाली. आईशी सगळे नीट बोलले, तिची खाट मात्र कुणीतरी ओसरीच्या टोकाला टाकून ठेवली होती. वडील केळीचे खांब तोडून आणण्यात गुंतले होते. वाळलात दोघं, एवढंच ते मला म्हणाले.

रविवारी सकाळी घर सारवलेलं होतं. चौरंग मांडला होता. दळून आणलेलं पीठ परातीत चाळून झालं होतं आणि परात स्वयंपाकघराच्या मध्यावर होती. आमच्या भाऊकीत पीठ मळणारीने पाण्याचा घोटही न घेता मळायचं, रोट होईपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही. आई पहाटे उठून न्हाली, धूतवस्त्र नेसली आणि बाहेर ओट्यावर आली. कमरेची हिंगाची डबी काढून तिने उघडली.

मी तिच्याजवळ गेलो. गोळ्या दुपारी, रोट झाल्यावर घेतल्या तरी बिघडणार नाही, असं मी कानाशी सांगितलं. काही तासांचा प्रश्न होता. तिने ऐकलं. मला खात्री आहे, त्या वेळी तिने ऐकलं. मग तिने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि सगळ्यांच्या देखत एकेक गोळी गिळली. लपवायचं असतं तर आत अंधाराची खोली होती.

भाऊकीतले सगळ्यांत वयस्कर आबा ओट्यावरच बसले होते. काकू दारात उभी होती. बोलावं लागलं ते आबांना.

"दवाई पोटमा गयी, उपास मोडना," ते म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता. ते नियम सांगत होते.

आईने त्यांच्या ओठांकडे पाहून ते ओळखलं असावं.

"हाऊ बी नेमच शे, आबा," ती म्हणाली. "हिवायापाईन चालू शे. एक दिन बी मोडेल नही."

"शे ना. कोन नही म्हनस? पन परातले नही चालनार."

वडील केळीचा खांब दोरीने बांधत होते. त्यांनी गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. आईने पेला पालथा घातला, डबी कमरेला खोचली आणि ती ओसरीच्या टोकाला जाऊन आपल्या खाटेवर बसली. काकू आत गेली. परात ओढल्याचा आवाज आला. तो आईला ऐकू जाण्यासारखा नव्हता.

ऊन वर आलं. बायका गाणी म्हणत होत्या. माझी बायको खाटेच्या पायथ्याशी टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मी तिला उठवलं नाही. आतून गाण्याच्या मध्ये काकूची कुरबुर ऐकू येऊ लागली. भाऊकी वाढली होती, मुठी वाढल्या होत्या, पीठ मोठं होतं. उपाशीपोटी एवढं पीठ मळायला दंडात ताकद लागते आणि पाण्याचा अंदाज लागतो. तो आजीने आईला दाखवला होता आणि आईने कुणाला दाखवलेला नव्हता.

काकू बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. दारातूनच तिने हाक मारली.

"अक्का, पीठ घट्ट व्हयनं. पानी टाकू का?"

आई चौरंगाकडे बघत बसली होती. तिने मान वळवली नाही.

"अक्का!"

दुसऱ्या बायका गायच्या थांबल्या. काकूने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी निरोप पोचवू शकलो असतो. पण पीठ घट्ट म्हणजे किती घट्ट, हे मला विचारून काय उपयोग, हे तिला कळत होतं. ती ओसरी ओलांडून खाटेपर्यंत गेली. हात पिठाचे म्हणून ते तिने बाजूला धरले आणि वाकून तोंड आईच्या कानाला लावलं. जळगावच्या घरी चहा खुर्चीखाली ठेवणारी हीच बाई.

"पीठ घट्ट व्हयनं वं, अक्का. काय करू?"

आईने सवयीने चटकन मान दुसरीकडे वळवली आणि पदर तोंडावर घेतला. काकू तशीच वाकून राहिली. मग आईने पदराआडून, तोंड न वळवता, डावा हात मागे नेला, चाचपून काकूचं मनगट धरलं आणि तिच्या बोटांना चिकटलेला गोळा अंगठ्याने दाबून पाहिला. थोडा वेळ दाबत राहिली.

"कोमट," ती म्हणाली. "थंड नको. आनि थोडं थोडं."

काकू आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आली. मग पुन्हा. दर खेपेला आई मान वळवून घेई आणि हात मागे करी.

रोट दुपार टळल्यावर झाले. आईच्या अंगठ्याला लागलेलं पीठ तोवर वाळलं होतं. जेवायला बसण्याआधी बायकोने तिच्या हातावर पाणी घातलं. परात पुढच्या वर्षी काकूकडेच राहिली आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. आईच्या गोळ्या दिवाळीआधी संपल्या.